चौथा कॅमेरा

सांगली,
रविवार, १६ मार्च

चि. सौ. अपेक्षास,

अनेक आशीर्वाद. जावयांना नमस्कार, आणि प्रांजलच्या गालांना जे काही आजीनं द्यायचं असतं ते. इकडे सगळं ठीक. दुकान ठीक, गुडघे ठीक, शेजारच्या झेरॉक्सवाल्याशी भांडण नेहमीप्रमाणे ठीक चाललंय.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर आपण दोघी दीड मिनिटाच्या वर टिकत नाही, हे गेल्या दोन वर्षांत सिद्ध झालंय. जेवलीस का, जेवले, बाळ झोपलं का, झोपलं, आणि मग दोघींपैकी एकीला दारात कुणीतरी आल्याचं आठवतं. कागदाचं बरं असतं. त्याच्या दारात कुणी येत नाही.

आधी तक्रार नोंदवते. तुझ्या सासरच्या चर्चनं माझ्यावर जो अन्याय चालवलाय तो कुठंतरी लेखी असावा. मला पंखा लावू देत नाहीत. मार्च महिना, सांगलीचं ऊन, चर्चची वरची गॅलरी, तिच्यावर तापलेली कौलं, आणि बरोब्बर माझ्या डोक्यावर तीन पात्यांचा, चालू स्थितीतला, देखणा पंखा. पण बटण दाबायचं नाही. का, तर गायनमंडळासाठी टांगलेला माइक त्याच्या शेजारी आहे. नाथाजी सर म्हणाले, "मॅडम, हा पंखा गातो. आणि बेसूर गातो." मी म्हटलं, "सर, तुमच्या गायनमंडळातल्या दोघातिघांबद्दल माझं हेच मत आहे, त्यांना कुठं बंद करता?" सर पोटभर हसले. पंखा बंदच राहिला. कोर्टात जायचं म्हटलं तर कुठल्या कलमाखाली जावं, याचा विचार करतेय.

मी तिथं काय करतेय, हे तू विचारशीलच. नाथाजी सरांना तू ओळखतेस. चर्चचे सेक्रेटरी, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, बोलताना हवेत रेघा मारतात. ते फेब्रुवारीत दुकानात आले. रविवारची उपासना चार कॅमेऱ्यांनी लाइव्ह दाखवायची आहे, त्यासाठी कॉम्प्युटर बांधून हवा होता. निम्मं चर्च पुण्याला गेलंय, काही दुबईला, आणि जे राहिलेत त्यातले काही अंथरुणाला. लग्नांची शूटिंगं करणाऱ्या कुणीतरी धंदा बंद केला, त्याचे चार कॅमेरे यांना मिळालेत. आतापर्यंत सगळं एका मोबाइलवर चालायचं.

मी हो म्हटलं. धंदा आहे.

हा कॉम्प्युटर घरातल्यासारखा नसतो. घरातल्याशी एका वेळी एकच माणूस बोलतो. याच्याशी चार कॅमेरे एकदम बोलणार, प्रत्येक जण सेकंदाला तीस चित्रं याच्या तोंडावर फेकणार, आणि यानं त्यातलं एक निवडायचं, खाली गाण्याचे शब्द चिकटवायचे, ते जगाला पाठवायचं आणि वर सगळं डिस्कमध्ये जपूनही ठेवायचं. थोडक्यात, लग्नघरातली थोरली जाऊ. म्हणून प्रोसेसर तगडा घेतला, चार केबली एकदम घेणारं कॅप्चर कार्ड घेतलं, आणि सगळ्यांनी एकदम हाका मारल्या तरी डोकं तापू नये म्हणून पेटीत तीन पंखे बसवले, अजिबात आवाज न करणारे. त्यांना परवानगी आहे.

कॅमेरे कुठं लावायचे, यावर चर्चच्या पंच कमिटीच्या तीन बैठका झाल्या. एक व्यासपीठावर, एक गायनमंडळावर, एक गॅलरीतून सबंध चर्चवर, आणि चौथा बाप्तिस्म्याच्या दगडी पात्रावर. इथवर एकमत होतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की भिंतीवर चार घराण्यांच्या आजोबांच्या संगमरवरी पाट्या आहेत, आणि कॅमेरा कसाही फिरवला तरी तिघांचे आजोबा दिसतात आणि एकाचे राहतात. मला वाटायचं, हा आजार फक्त आपल्या भावकीलाच आहे.

माहेरी, मेढ्याला आबांकडे, गेल्या आठवड्यात जाऊन आले. कंबर तशीच, सुभेदारी आवाज तसाच. पडवीतून गल्लीला कवायत करायला लावतील असा.

तुझं कार्ड मिळालं. २७ एप्रिल, प्रांजलचा बाप्तिस्मा. खाली तू पेनानं 'आई, येशील?' असं लिहिलंयस. प्रश्नचिन्ह मोठं काढलंयस.

कार्डाचा कागद चांगला आहे.

तुझी,
आई

•

सांगली,
रविवार, ६ एप्रिल

चि. सौ. अपेक्षास,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. साडेतीन ओळी, त्यातली अर्धी ओळ सही. 'मी मशीनचं विचारलं नव्हतं.' बरोबर आहे. माझीच मुलगी, बोट कुठं ठेवायचं ते कळतं. तरी मशीनचंच सांगते, कारण दुसरं काही लिहायला घेतलं की पेन थांबतं, आणि त्यात शाईचा दोष नाही.

पेटी जुळवली, चालू झाली, आणि दोन दिवस माझं नाक कापलं गेलं. कॅमेरा एक, दोन, तीन लखलखीत. चौथा काळा. केबल बदलली, काळा. कॅमेरे अदलाबदल केले, तरी चौथ्या जागेवर जो बसेल तो काळा. दुकानात सगळं चालत होतं, चर्चमध्ये आणल्यावरच बिघडलं. पंच कमिटीतले एक गृहस्थ गॅलरीत येऊन हळूच म्हणाले, "प्रार्थना करू का?" मी म्हटलं, "करा, पण आधी टॉर्च धरा."

तुझ्या बाबांनी मला या धंद्यात पहिली गोष्ट शिकवली होती, की बोर्डाबरोबर येणारी पुस्तिका आधी वाचायची. ते गेल्यावर नऊ वर्षांत मी दुकान चालवलं, शेकड्यानं मशीनं बांधली, आणि पुस्तिका वाचणं सोडून दिलं, कारण आपल्याला सगळं येतं. तिसऱ्या दिवशी वाचली. पान एकेचाळीस, बारीक अक्षरात: या बोर्डावर दुसरी डिस्क अमुक खाचेत बसवली, तर खालच्या खाचेची निम्मी वाट बंद होते. एकाच पाटाचं पाणी दोन शेतांना, आणि माझं कॅप्चर कार्ड नेमकं त्या खालच्या खाचेत. उपासना साठवून ठेवायला जी जादा डिस्क मी चर्चमध्ये येऊन हौसेनं बसवली होती, तीच चौथ्या कॅमेऱ्याचं पाणी तोडत होती. डिस्क तिथून काढून साध्या केबलीनं दुसरीकडे जोडली. चौथा कॅमेरा उघडला. दगडी पात्र दिसलं, काठावर एक कबूतर बसलं होतं.

मग आवाज. माइकचा आवाज आधी पोचतो, कॅमेऱ्याचं चित्र मागून रखडत येतं, म्हणून आवाजाला मोजून थांबवून ठेवावं लागतं. त्यासाठी नाथाजी सरांना व्यासपीठावर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. पाऊण तास. सर टाळी वाजवणार, मी वरून "परत" म्हणणार. खिडकीतून बघणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "सर, एकट्यानं कुणाचा सत्कार करताय?"

मशीन रोज चालवायला माणूस हवा होता. पंच कमिटीनं दोन शिकलेसवरलेले गृहस्थ पाठवले. दोघंही एका पडद्याकडे बघता बघता बाकीचे तीन विसरायचे. तिसऱ्या दिवशी हरणामावशी वर आल्या, मिशन हॉस्पिटलात आया होत्या त्या, गायनमंडळात पहिल्या ओळीत उभ्या राहतात. चहा घेऊन आल्या होत्या. माझ्यामागं उभं राहून बघत बघत म्हणाल्या, "आवं, तिसऱ्यातला माणूस उठायला लागलाय. आता त्यो दारावरनं जाणार. बदला की."

तो खरंच उठला. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"आटपाडीची हाय मी. धा वरसाची हुते तवर बापामागं मेंढरं राखलीत. जनावर कळपातनं फुटायच्या आधी मान वळवतं बगा. चार कळप तर हायती, त्यात काय एवढं?"

त्यांना खुर्चीवर बसवलं. तासाभरात असं बदलायला लागल्या की मी हात जोडले. सबंध चर्चमध्ये खरी मेंढरं राखलेली ही एकटीच बाई, पाळकसाहेबांनी फक्त पुस्तकातली राखलीत. हे मी त्यांच्यासमोर बोलले. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या प्रवचनात घेतो. हा माणूस मला आवडायला लागलाय, त्यामुळे जरा सावध आहे.

आबांचं सांगते. मी गेले की ते दर वेळी एकच विचारतात, हे तुला ठाऊक नसेल. तुझं लग्न त्यांनी फोनवर बघितलं होतं, राहीवहिनीनं फोन धरला होता. मध्येच चित्र अडकलं, ते परत सुरू झालंच नाही. तेव्हापासून, "राजू, पुढं काय झालं गं?"

मी म्हणते, "आबा, लग्न झालं. पोरगी साताऱ्यात नांदते. मुलगी झाली तिला."

"त्ये मला ठावं हाय. अडकलं, तवा काय झालं त्ये इचारतोय."

मी तिथं नव्हते, हे त्यांना सांगता येत नाही, कारण ते त्यांना माहीत आहे. म्हणून मी पाणी आणायला आत जाते.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर, मशीन नवं आहे, त्याच्यापाशी देखरेखीला कुणीतरी लागणारच. मी २७ तारखेला वर गॅलरीत असेन. तेव्हा येणार की नाही, असा प्रश्न उरतच नाही.

प्रांजलला खोकला होता, तो गेला का?

तुझी,
आई

•

सांगली,
मंगळवार, २२ एप्रिल

चि. अपेक्षा,

आशीर्वाद. ईस्टरला मशीन पहिल्यांदा लोकांसमोर चाललं. पावणेदोन तास, एकदाही अडकलं नाही. मेढ्याला आबांनी शेवटच्या 'आमेन'पर्यंत बघितलं, आणि लगेच फोन केला. "समदं दिसलं. लय पांढरी कापडं धुत्यात गं त्या गाणाऱ्या बायका." मग म्हणाले, "आसं त्या येळंला पायजे हुतं."

मी 'औषध घ्या' म्हणून फोन ठेवला. आता तुझ्याशी बोलते.

तुझ्या लग्नाआधी दहा दिवस नाथाजी सर दुकानात आले होते. ओळख नव्हती. म्हणाले, "आमच्या चर्चमध्ये लग्न आहे. नवरीच्या आजोबांना येता येत नाही, त्यांना घरबसल्या दिसावं असं तिचं म्हणणं आहे. मोबाइलवर भरवसा नाही. एखादा बरा कॉम्प्युटर दोन दिवसांपुरता मिळेल का?" तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्यामागं रॅकवर एका साखर कारखान्याच्या ऑफिससाठी बांधलेलं मशीन तयार होतं. ऑफिसला महिनाभर घाई नव्हती. मी म्हटलं, "माल नाही." आणि त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेले, जशी मी कुणालाच जात नाही.

भावकीला मी सांगितलं होतं की त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. तुलाही तेच कळलं असेल. डोकं ठीक होतं. मी दुकानात होते. शटर अर्धं ओढलं होतं आणि तू पाठवलेली लिंक उघडली होती. खाली आकडा होता, बघणारे एकोणीस. त्यातली एक मी.

फोन गॅलरीच्या कठड्याला बांधलेला दिसत होता, दोरीचं टोक मध्येमध्ये हलायचं. तू दारातून आलीस. पांढरी साडी, डोक्यावर पदर. डावीकडची पुढची दोन बाकडी नवरीकडच्यांसाठी फीत बांधून राखली होती. त्यावर कुणीच नव्हतं. तू चालत तिथवर आलीस, मान त्या बाकड्यांकडे वळवलीस, आणि चित्र अडकलं.

फोन तापला होता. मे महिना, कौलांखाली, तासभर चालू. मी यातली बाई, मला तेव्हाच कळलं काय झालं ते, आणि ते होऊ न देणारं यंत्र माझ्या पाठीमागं दोन हातांवर होतं. मी वीस मिनिटं तुझी वळलेली मान बघत बसले. मेढ्यात आबाही तेच बघत बसले होते. मग त्यांचा फोन आला. "राजू, बंद पडलं गं. तुजं दुकान हाय न्हवं ह्याचंच? काय तरी कर की."

त्या लोकांच्या देवाशी माझं काही भांडण नव्हतं, अपेक्षा. तुला तसं वाटत आलं आणि मी वाटू दिलं, कारण खरं कारण त्याहून हलकं होतं. एकट्या बाईनं वाढवलेली पोर हातची गेली, असं भावकी म्हणणार, आणि म्हणताना माझ्याकडे बघणार, एवढंच. त्या बघण्याला मी भ्याले. सुभेदाराची मुलगी.

काल सोमवारी मी चर्चमध्ये राहिलेल्या केबली बांधायला गेले होते. हरणामावशींना म्हटलं, रविवारी तुम्ही कॅमेरे सांभाळा, मी शेजारी बसते. त्या म्हणाल्या, "कशाला? पोरीची आय तुमी, माळ्यावर बसून काय करताय? पाखरं हाकून शाळू राखायचाय व्हय?" मी म्हटलं, "मशीन अडलं तर?" त्या म्हणाल्या, "आडलं तर मी वरनं हाक मारीन की. खाली तुमी न्हाई दिसला, तर मी हाक कुणाला मारू?"

मी हातातली केबल तशीच ठेवली आणि जिना उतरले.

खाली नाथाजी सर गाण्यांच्या क्रमांकांचा फळा पुसत होते. मी जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. सर, दोन वर्षांपूर्वी तुम्ही आला होता तेव्हा माल होता. मी खोटं बोलले. नवरी माझी मुलगी होती.

सर फळा पुसतच राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मशीन दिसत होतं की मागं. आणि नवरीचं तोंड तुमच्यावर गेलंय, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. मास्तर होतो मी चित्रकलेचा."

"मग या वेळी परत माझ्याकडंच का आलात?"

"तेव्हा द्यायला नव्हतं तुमच्याकडं. मला वाटलं, आता असेल."

मला फळ्यावरचे आकडे वाचता येईनात, म्हणून मी ते वाचत राहिले. मग आबांचा प्रश्न मी त्यांना विचारला. चित्र अडकल्यावर पुढं काय झालं?

सरांनी हवेत रेघा मारून दाखवलं. तू तिथंच थांबलीस म्हणे. ऑर्गन वाजत राहिला, तू पुढं पाऊल टाकेनास. तेव्हा गायनमंडळातून हरणामावशी उतरल्या, पांढऱ्या झग्यात, कुणाला न विचारता, आणि फीत सोडून पहिल्या बाकड्यावर जाऊन बसल्या. मागून बाकीच्या बायका. दोन्ही बाकडी भरली. गाणं म्हणायला चौघेच उरले, ते बेसूर झालं. सर म्हणाले, "नवरीचं बाकडं मोकळं ठेवून आम्ही लग्न लावत नाही. तशी रीतच नाही आमच्यात."

महिनाभर मी त्या बाईच्या हातचा चहा पितेय. एका शब्दानं बोलल्या नाहीत. तूही कधी सांगितलं नाहीस. सांगशील तरी कशी, विचारणारी पाणी आणायला आत गेलेली.

संध्याकाळी आबांना फोन करून सगळं सांगितलं, माझ्या रॅकवरच्या मशीनसकट. मला वाटलं, आता जन्मभराचं ऐकवतील. ते म्हणाले, "म्हंजे पोरगी येकटी न्हवती. बरं झालं." आणि फोन राहीवहिनीकडे दिला. मला काहीच म्हणाले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतेय, गुरुवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. वाचून तुला मी तिथं नको असेन, तर तसं कळव. एक ओळ पुरे, कारण लिहू नकोस. मी वाईट वाटून घेईन, पण ते माझं मी बघेन. मशीन त्या दिवशी तितकंच नीट चालेल, त्याचा याच्याशी संबंध नाही.

काही कळवलं नाहीस, तर मी रविवारी साडेआठला येते. जिन्यानं वर जाणार नाही. हरणामावशी वर असतील, म्हणजे तुझ्या लग्नात पहिल्या बाकड्यावर त्यांनी भरून काढलेली जागा या वेळी मोकळी राहील. तिथं बसते. भावकीपैकी कुणाला लाइव्ह बघायचं असलं तर लिंक मीच पाठवलीय, सगळ्यांना, माझ्या नंबरवरून.

पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहितात. मला कळायला दोन वर्षं लागली, तेव्हा तुला घाई करणार नाही.

तुझ्या लग्नाला न आलेली,
तुझी आई